नेट कॅफेतले मास्तर आणि माझा अहवाल

बसस्थानकात चाळीसेक बायका आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेले नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी तेव्हा उपनिरीक्षक होतो आणि गोपनीय माहितीचे काम माझ्याकडे होते. एका गावाची सकाळची गाडी बंद झाल्यामुळे तिथल्या मुलींचे हायस्कूल कायमचे सुटायची वेळ आली होती. त्यांच्या आया आल्या, मुलींची दप्तरे मांडीवर घेतली आणि चौकशीच्या खिडकीकडे पाठ करून बसल्या. घोषणा नाहीत, फलक नाही, रस्ता अडवलेला नाही.

मोर्चा म्हटला की आमची पद्धत ठरलेली असे. पुढारी हेरायचा, त्याला चहा पाजायचा, निवेदन घ्यायचे, फोटो काढू द्यायचा. इथे पुढारीच सापडेना. शेवटी मी एका म्हातारीसमोर उकिडवा बसलो.

"आजी, मागणी काय आहे तुमची?"

"बोलायचं न्हाई असं ठरलंय, सायब."

शेजारणीने तिला कोपराने ढोसले. "मंग आता काय केलीस?"

"त्येनं इचारलं म्हून सांगितलं."

दुपारी त्या उठल्या, बसलेली जागा झाडली आणि गेल्या. आठवडाभरात गाडी सुरू झाली. आमच्या वरिष्ठांना मात्र वेगळेच झोंबले होते. "एक कलम लावायला जागा ठेवली नाही. हे डोकं बायकांचं नाही. कुणाचं आहे ते शोधा," असा आदेश आला.

मी गावात दोनदा जाऊन आलो. सगळ्यांनी चहा दिला, माहिती कोणीच दिली नाही. खबर मिळाली ती परभणीहून. स्टेशन रोडला प्लायवूडचे खण पाडून नेट कॅफे चालवणारा एक जण माझ्या ओळखीचा होता.

"सायब, तुमच्या तालुक्यातला एक मास्तर दर रविवारी येतो," तो म्हणाला. "गाणे न्हाई, पिक्चर न्हाई, नुसतं वाचत बसतो आणि वहीत उतरवून घेतो. असलं गिऱ्हाईक मी तर पाहिलंच न्हाई. मला तर शकच आला."

मास्तर त्याच गावच्या शाळेवर शिक्षणसेवक होते. वय पंचविशीचे, नोकरी कायम व्हायची होती. मी त्यांना ठाण्यात बोलावले. अर्धा तास मी आवाज चढवून पाहिला, पण ते शांत होते.

"बायकांना कोणी शिकवलं?"

"शिकवलं न्हाई, साहेब. लोकं कुठं कुठं काय करतात ते वाचून दाखवलं. त्यातलं कचेरीकडं पाठ करून बसायचं त्यांना आवडलं. म्हणाल्या, याला भाषण लागत न्हाई."

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एका म्हाताऱ्यानं. परदेशातला हाय. घरी बसून त्यानं हे सगळं जमवलंय. मी त्याला कधी पाहिलं न्हाई, पत्र न्हाई. चला, तुमाला दाखवतो."

पुढचे दोन रविवार मी साध्या कपड्यांत त्या खणात मास्तरांशेजारी बसलो. कागदावर तो तपास होता. खरे सांगायचे तर नोकरीतले इतके मजेचे दिवस मला फार आठवत नाहीत. मोडेम किरकिरायचा, मग पान वरून खाली हळूहळू उघडायचे आणि मध्येच अडकायचे. म्हाताऱ्याच्या पानावर काळ्या रंगावर पिवळी अक्षरे होती. झाड तोडू नये म्हणून फांदीवर मुक्काम ठोकणारी माणसे, अनोळखी कैद्यांना पत्रे लिहिणारे, लष्करी तळाच्या फाटकापुढे लोकर विणत बसणाऱ्या आज्या. एका दुव्यावरून दुसऱ्यावर जायचे आणि कुठल्या देशात पोहोचलो ते कळायचे नाही. मास्तर अर्थ सांगत, मी चहा मागवत असे.

दुसऱ्या रविवारी मी विचारले, "मास्तर, पोलिसांचं काही असतं का यात?"

त्यांनी शोधून काढले. कुठल्याशा देशातल्या शिपायांच्या बायकांनी नवऱ्यांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून मांडलेली बाजू होती. मी त्याची प्रत छापून घेतली आणि घरी वाचून दाखवली. बायको म्हणाली, "मंग बसा की तुमी बी सायबाकडं पाठ करून."

सोमवारी मी वरिष्ठांना तोंडी सांगितले की यात काही नाही. ते म्हणाले, "काही नाही असं वर कसं कळवू? परदेशी साइट आहे ना? तेवढं लिहा. आणि तुम्ही तिथं दोन रविवार काय करत होता?"

आमच्या खात्यात संघटना आणि मागण्या यांना मनाई होती. पोलिसांनी मागण्या कशा कराव्यात याचा छापील कागद माझ्या घरात होता आणि तो मी छापून घेतला हे कॅफेवाल्याला माहीत होते. घरी जाऊन मी तो चुलीत घातला आणि अहवाल लिहिला: "सदर इसम परदेशी संकेतस्थळांच्या संपर्कात राहून जमाव संघटित करतो. त्याच्या हालचालींवर लक्ष ठेवणे इष्ट." तो इसम शिक्षक आहे, हेही मी नावानिशी लिहिले.

काही महिन्यांनी मास्तरांच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. नोंद नसली की आम्ही तिथे 'निरंक' लिहितो. तो एक शब्द लिहायचा होता. मी लिहिले, "अहवाल सोबत जोडला आहे." मास्तर कायम झाले नाहीत.

मी निवृत्त झाल्यावर, गेल्या हिवाळ्यात ते सोनपेठला सापडले. वह्यांचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. मी सगळे सांगितले. ते मशीनमध्ये कागद सरळ करत राहिले.

"मला वाटायचं, त्या बायकांतल्याच कुणीतरी माझं नाव सांगितलं," ते म्हणाले. "परत त्या गावात गेलो न्हाई. तुमच्याशी बोलली ती म्हातारी वारली तेव्हा निरोप आला होता. मातीला गेलो न्हाई मी."

मी म्हणालो, हे सगळे लिहून काढायचे आहे.

"लिहा. पण माझं नाव टाकू नका. एकदा टाकलंत, तेवढं बास झालं."

नोकरीभर मी लोकांचे खोटे जबाब पकडले आणि त्याचा अभिमान बाळगला. आरोपीच्या खोट्याला निदान उलटतपासणी असते. माझ्या दोन ओळींची उलटतपासणी कोणी घेतली नाही, आणि त्यावर एका माणसाची नोकरी गेली. पोलिसाच्या हातात सर्वांत जड वस्तू पेन असते, हे मला निवृत्तीनंतर कळले.

म्हणून नाव न घालता नोंद करतो. मास्तरांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. त्यांनी वाचले ते कुणालाही वाचायला खुले होते, मीही शेजारी बसून वाचले होते. त्यांची खबर शहरातून आली आणि अहवाल मी लिहिला. गावातल्या एकाही बाईने त्यांचे नाव घेतले नव्हते.