धनकुंवर भाभींचा बेला

कळण्याची भाकरी तव्यावर होती, पोरींच्या वेण्या व्हायच्या होत्या, तेवढ्यात दाराची कडी वाजली. दारात समोरच्या घरातल्या धनकुंवर भाभी. हातात मुंबईच्या दवाखान्याचा लिफाफा, आणि चेहरा असा की मी भाकरी उलटायची विसरले.

धरणगावात भाभींना ओळखतात ते उपासांमुळे. कापसाच्या व्यापाऱ्याची ही थोरली सून सतराव्या वर्षी राजस्थानातून आली. चौदा माणसांचं रांधते आणि जैनांच्या पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहते. गेल्या वर्षी, ब्याण्णव साली, बग्गीत बसवून त्यांची मिरवणूक काढली. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली असं दुखायचं, की भाभी कोठीघरात जाऊन पोत्यांवर आडव्या व्हायच्या, हे मला एकटीला ठाऊक होतं. न जेवलं की दुखत नसे. सहा वर्षं घरानं त्याला तप म्हटलं. त्यांनीही म्हणू दिलं.

सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसले नाहीत, तेव्हा एका डॉक्टरांनी बायकांचं हे असतंच म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. शेवटी जळगावच्या सर्जननं मुंबईला पाठवलं. तिथे शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. ते यकृतातून पित्ताशयात उतरतं तसा मोठा कॅमेरा तास-दीड तास चित्रं घेतो. भाभींच्या चित्रांत यकृत दिसलं, आतडी दिसली, पित्ताशयाची जागा कोरी. म्हणजे ते निकामी. येत्या गुरुवारी कापून काढायचं ठरलं. तारीख भाभींना जावेकडून कळली.

"यातलं मला कोणी काही वाचून दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचा."

लिफाफ्यात तपासणीआधीच्या सूचनांचा इंग्रजी कागद होता, घडीही न मोडलेला. चार तास उपाशी राहा. पण चोवीस तासांहून जास्त उपाशी असाल तर आधी सांगा. पित्ताशय जुन्या पित्तानं भरलेलं राहतं, औषध आत शिरत नाही, निकाल चुकू शकतो.

भाभी खाली बसल्या. गाडीत आणि लॉजवर आपल्या रीतीचं जेवण मिळायचं नाही, म्हणून त्यांनी घरूनच बेला धरला होता. सलग दोन दिवस अन्न नाही. तपासणीआधी तिथल्या माणसानं पोट रिकामं आहे का म्हणून विचारलं, तेही भाभींच्या नवऱ्याला, रतनलालभाईंना. त्यांनी अभिमानानं सांगितलं, अगदी रिकामं. कधीपासून, ते त्या माणसानं विचारलं नाही आणि रतनलालभाईंनी सांगितलं नाही.

"मी शेजारीच उभी होते," भाभी म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "बग्गीत बसवलं तेव्हासुद्धा कोणी विचारलं नाही, की बाई, तू जेवत का नाहीस."

भाकरी करपल्याचा वास आला. मी म्हटलं, आमच्या यांना रतनलालभाईंशी बोलायला सांगू का? त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मला बोलल्याची लाज वाटली.

पोरींच्या दप्तरातली वही त्यांनीच ओढून माझ्यापुढे ठेवली.

"सर्जनला इंग्रजीत चिठ्ठी लिहून द्या. मी दोन दिवस उपाशी होते. कापायच्या आधी चाचणी परत करा. आणि शेवटचं कधी जेवलात, हे या वेळी मला विचारा."