पारड्यांची अदलाबदल

माझी आत्या चिडलेली मी कधी पाहिली नाही, आणि या गोष्टीचा मला फार राग यायचा. मी स्वतः चटकन भडकणारी. शिकायला म्हणून दोन वर्षं तिच्या घरी राहिले, त्या काळात तिच्या वाटणीचं सगळं चिडणं मीच उरकून घेतलं.

आत्या बॅगा दुरुस्त करायची. बाजाराच्या गल्लीत एका म्हाताऱ्या मालकांचा अरुंद गाळा होता, तिथे ती मशीनवर बसायची. तुटलेले पट्टे, उसवलेले कोपरे आणि मुख्य म्हणजे रुसलेल्या चेन. 'आता नवीनच घ्या' असं चार ठिकाणी ऐकून वैतागलेली माणसं शेवटी तिच्याकडे यायची. ती पकडीने चेनचा रनर जरासा दाबायची, दोनदा ओढून बघायची आणि बॅग परत द्यायची. मालक मनाने चांगले होते, पण पगार द्यायची वेळ आली की त्यांचा हात आखडायचा.

तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, वजनकाट्यांच्या कारखान्यात दुरुस्ती विभागाचे मुख्य होते. सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. गल्लीत त्यांना काटेवाले म्हणत. माणूस सरळ, शब्दाचा पक्का, आणि बरोबरीच्या बाबतीत तर असा काटेकोर की समोरच्याला घाम फुटावा. घरातली रद्दी विकली तरी आलेल्या पैशांचे दोन भाग. एक नाणं जास्त उरलं, तर खाली जाऊन मोड करून आणायचे.

घरखर्चाचा नियम असाच होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक झाकणाचा डबा असायचा. एक तारखेला दोघांनी त्यात सारखी रक्कम टाकायची. भाडं, दूध, वीज, किराणा, सगळं त्यातून. काही मोठी वस्तू घ्यायची झाली तरी निम्मं निम्मं. उरेल ते ज्याचं त्याचं. आतोबा हे अभिमानाने सांगत. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईला सुईदोऱ्यासाठीसुद्धा हात पसरायला लावला होता. ते पाहून त्यांनी लहानपणीच ठरवलं होतं, की बायकोच्या पैशाला आपण हात लावायचा नाही. आत्याही लग्नात ताठ मानेने म्हणाली होती, "मीही फुकट खाणार नाही." दोघांनी मिळून केलेला नियम होता आणि तेव्हा तो ठीकही होता, कारण लग्नाच्या वेळी दोघांचे पगार जवळजवळ सारखे होते.

पुढे आतोबांना बढत्या मिळत गेल्या. आत्याचा पगार मात्र मुंगीच्या पावलांनी चालला. बारा वर्षांनी, मी तिथे गेले तेव्हा, त्यांचा पगार तिच्या तिपटीहून जास्त होता आणि डब्यात पडणारी रक्कम अजून सारखीच होती. त्यात आतोबांना चांगल्या वस्तूंची आवड. फ्रिज घ्यायचा तर मोठा, पंखा घ्यायचा तर आवाज न करणारा. पसंती त्यांच्या खिशाप्रमाणे व्हायची आणि निम्मे पैसे आत्याच्या खिशातून जायचे. तो मोठा फ्रिज आला त्या वर्षी आत्याने स्वतःच्या चपला बॅगांच्या मशीनवर तीनदा शिवल्या. मी तोंड उघडलं की म्हणायची, "अगं, ठरलंय ना आमचं."

ठरलंय म्हणे. मी मनातल्या मनात त्या डब्याला लाथ घालायची.

मग एक दिवस म्हाताऱ्या मालकांनी आत्याला जवळ बोलावलं. ते दुकान बंद करून मुलीकडे राहायला जाणार होते. "गाळा आणि मशीन तू घे," ते म्हणाले. "शेजारचा मोबाईलवाला रोख घेऊन उभा आहे. पण पहिला हक्क तुझा. पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो, त्यापुढे मलाही जमणार नाही."

आत्या घरी आली ती उडतच. चप्पल न काढता आत आली, यावरूनच मी ओळखलं की काहीतरी घडलंय. रात्री जेवताना तिने आतोबांना सांगितलं. गाळा, मशीन, गिऱ्हाइकं सगळी ओळखीची. बोलता बोलता तिचा चेहरा उतरत गेला, कारण मालकांनी मागितलेल्या रकमेचा आकडा तिने स्वतःच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. बारा वर्षं कमावून तिच्याकडे त्याचा दहावा हिस्साही नव्हता.

आतोबांनी मन लावून ऐकलं. मग अगदी प्रेमाने म्हणाले, "एवढंच ना? मी देतो की तुला उसने. माझ्याकडे आहेत. व्याज नको मला. सवडीने फेड."

माझा घास हातातच राहिला. सख्ख्या बायकोला उसने! मी असते तर ताट आपटलं असतं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर तर केवढा उदारपणा. आपण जगावेगळे नवरे आहोत, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

आत्या ताटातली भाजी एका बाजूला सारत राहिली. तिला लागलं होतं, मला दिसत होतं. मग तिने कपाटावर ठेवलेल्या पितळी तराजूकडे पाहिलं. आतोबांच्या गुरुजींनी दिलेला तो दोन पारड्यांचा जुना काटा. आतोबा दर रविवारी तो पुसत.

"अहो," ती म्हणाली, "काटा खरा की खोटा, ते तुम्ही कसं बघता हो?"

या विषयावर आतोबांना झोपेतून उठवलं तरी ते बोलले असते. "सोपं आहे. एका पारड्यात सामान, दुसऱ्यात वजनं. दांडी सरळ राहिली म्हणून लगेच मान डोलवायची नाही. दांडीची एक बाजू लांब असली तर वजनं कमी असूनही ती सरळ राहते. म्हणून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायचं. अदलाबदल केल्यावरही दांडी सरळ राहिली तरच काटा खरा. नाहीतर एक बाजू धाडकन खाली जाते, आणि चोरी उघडी पडते."

"आणि किती दिवसांनी तपासायचा?"

"दर वर्षी. नियमच आहे."

"मग आपला डबा बारा वर्षांत एकदाही तपासला नाही आपण," आत्या म्हणाली. "या महिन्यात अदलाबदल करू. तुमचा पगार माझ्याकडे, माझा तुमच्याकडे. डब्यात दोघांनी टाकायचे ते तेवढेच. नियम तोच. फक्त पारडी बदलायची."

आतोबा हसले. "अगं, त्यात काय होणार? निम्मं ते निम्मंच."

"मग झालं तर," आत्या म्हणाली आणि त्यांना आणखी भाजी वाढली.

एक तारखेला दोघांनी पाकिटं बदलली. आतोबांनी आत्याच्या पाकिटातून डब्याची रक्कम काढली, पाकिटात पुन्हा एकदा डोकावून पाहिलं, आणि ते खिशात ठेवलं. आत्याने त्यांच्या पगारातून तेवढीच रक्कम डब्यात टाकली, आणि उरलेले पैसे मुरंब्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घालून फळीवर ठेवले, डब्याच्या अगदी शेजारी. बरणी गळ्यापर्यंत भरली.

पहिला आठवडा आतोबांचा रुबाब तसाच होता. कारखान्यात चहा पाजणारे तेच, रिक्षाने येणारे तेच. दुसऱ्या आठवड्यात गॅस संपला. पाठोपाठ पाणी तापवायचं यंत्र बिघडलं. डब्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून नियमाप्रमाणे दोघांनी आणखी निम्मे निम्मे घातले. आत्याने बरणीतून चिमूटभर काढावं तसे काढले. आतोबांनी मात्र पाकीट उलटं करून झटकलं.

मग ते चालत जाऊ लागले. "तब्येतीला बरं असतं," म्हणाले. एक दिवसाआड न्हाव्याकडे दाढी करणारा माणूस, त्यांची दाढी वाढू लागली. गल्लीतला न्हावी दारात उभा राहून विचारायचा, "काय काटेवाले, संन्यास घेता की काय?" कारखान्यात कुणाच्या तरी निरोपाची वर्गणी गोळा होत होती. आयुष्यात पहिल्यांदा आतोबांना म्हणावं लागलं, "माझे पुढच्या महिन्यात घ्या." ते त्यांनी घरी सांगितलं नाही, पण त्या दिवशी जेवताना त्यांची मान वर झाली नाही. मला आधी गंमत वाटत होती. त्या दिवशी मात्र मला त्यांची दया आली, आणि हे मला मुळीच आवडलं नाही.

आत्या काही बोलत नव्हती. टोमणा नाही, हसणं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. ती फक्त जळण्याची वाट पाहत होती.

महिना संपायला आला आणि आतोबांच्या चपलेचा अंगठा तुटला. चालून चालून तुटणारच. ते अनवाणीच घरी आले, तुटकी चप्पल हातात घेऊन. आत्या भाजी निवडत बसली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि इकडे तिकडे बघत म्हणाले, "अगं, जरा... थोडे पैसे देतेस का? उसने."

"देते की," आत्या म्हणाली. "व्याज नको मला. सवडीने फेडा."

बोलताना तिने मान वर केली नाही. शब्द अगदी तेच होते, आणि त्यात तितकाच गोडवा होता. आतोबा एकदम जमिनीवर बसले. हातातली चप्पल हातातच. बराच वेळ ते फळीवरच्या बरणीकडे पाहत राहिले. तिच्यात अजून निम्म्याहून जास्त पैसे होते.

"हे एका महिन्याचं," ते म्हणाले.

"एका महिन्याचं," आत्या म्हणाली.

"म्हणजे बारा वर्षं मी..." हिशेबात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी तो मनातल्या मनात केला, आणि चेहऱ्यावरून कळलं की उत्तर आलं. "तू बोलली का नाहीस?"

"नियम माझाही होता ना. मलाही वाटायचं, निम्मं म्हणजे बरोबर. पैसे पुरत नव्हते तर वाटायचं, मलाच संसार जमत नाही." आत्याने हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. "तुम्ही उसने म्हणालात, तेव्हा कळलं की चूक माझी नाही."

आतोबा उठले. मला वाटलं आता वाद होणार, आणि मी बाह्या सरसावून बसले. पण त्यांनी कपाटावरचा पितळी तराजू खाली काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "काटा खोटा आहे," ते म्हणाले. कारखान्यात एखाद्या दुकानदाराचा काटा नापास करताना ते याच आवाजात बोलत असावेत. "माझ्या घरातला. आणि मी गावभर लोकांचे तपासत फिरतो."

नंतर त्या दोघांनी तिथेच, निवडलेल्या भाजीच्या ढिगाशेजारी, नवा नियम केला. मी साक्षीदार. दोघांचे पगार पूर्णच्या पूर्ण एका ठिकाणी यायचे. आधी घर भागवायचं, मग अडीअडचणीसाठी बाजूला टाकायचं, आणि उरेल त्यातून दोघांनी हातखर्चाला सारखे पैसे घ्यायचे. त्या पैशांचं काय केलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मोठी वस्तू घ्यायची ती दोघांना परवडली तरच. आणि दर वर्षी एकदा हे सगळं पुन्हा तपासायचं. ही शेवटची अट आतोबांची.

"आणि आधीच्या बारा वर्षांचं काय?" मी विचारलं. मला गप्प बसवत नव्हतं.

"तू गप्प बस गं," दोघंही एकदम म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं गाळ्यावर गेलो. आतोबांनी सकाळीच दाढी करून घेतली होती. आत्याच्या पायात नव्या चपला होत्या, बरणीतून काढलेल्या पहिल्या हातखर्चातल्या. मोबाईलवाला दारातच घुटमळत होता. आम्हाला बघून त्याने खिशातला हात काढून घेतला आणि आपल्या दुकानात गेला.

आतोबांनी बँकेतून काढलेली रक्कम पिशवीतून काढली आणि म्हाताऱ्या मालकांसमोर ठेवली. मालकांनी दोनदा मोजली. मग चष्मा वर ढकलून पावतीपुस्तक उघडलं.

"पैसे तुम्ही देताय," ते आतोबांना म्हणाले, "तर गाळा तुमच्या नावावर करू ना?"

आत्या मशीनच्या चाकावर हात फिरवत उभी होती. तो हात तिथेच थांबला.

"नाही नाही," आतोबा म्हणाले. "पैसे तिचेच आहेत. तिचंच नाव लिहा. इतकी वर्षं ते माझ्याकडे पडून होते, एवढंच."

"बिनव्याजी," आत्या म्हणाली.

आतोबा इतक्या जोरात हसले की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. मालकांना काही कळलं नाही, पण त्यांनी पावती फाडून तिच्या हातात दिली आणि पावतीवर गाळ्याची किल्ली ठेवली. आत्याने दोन्ही पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढली. ती चेनही तिनेच दुरुस्त केलेली होती.