चार चाकांचा हट्ट

परवा पुतण्याच्या गाडीखालून तापलेल्या गिअर ऑइलचा वास आला आणि मी तीसेक वर्षं मागे, मनोरच्या हायवेवर जाऊन पोचलो.

थंडीतली धुक्याची सकाळ होती. सातपाटीच्या नर्मदामावशीच्या लेकीचा चारोटीला साखरपुडा, आणि जेवणासाठीचे सरंगे मासे बर्फात घालून माझ्या जुन्या जीपमध्ये, शेजारी मावशी. दहाच्या आत पोचवणारच, असा शब्द मी दिला होता. किनाऱ्यावरच्या रेतीतून निघताना चारही चाकांना जोर देणारा लिव्हर ओढला होता. डांबरी रस्ता लागला की तो काढायचा, नाहीतर आतले गिअर ताणून अडकतात, हे मला ठाऊक होतं. पण दवाने रस्ता ओला. दोनापेक्षा चार चाकं बरी, हे माझं शहाणपण! साठच्या वेगाला जीप कण्हू लागली, स्टिअरिंग जड झालं आणि हा वास सुटला.

थांबून लिव्हर ढकलला. हलेना. मी लाथही मारून पाहिली.

"बरफ वितळतंय, नि तू लाता मारतंस?" मावशी म्हणाली. "ताणलेली दोरी वढून सुटते काय रं? आमी होडी जरा मागं घेतो. घे मागं!"

"मावशी, ही होडी नाही," असं पुटपुटत मी जीप हातभर मागे घेतली. लिव्हर दोन बोटांनी सुटला.

दहाच्या आत पोचलो. मी मावशीच्या होणाऱ्या व्याह्यांना माझ्या ड्रायव्हिंगच्या गोष्टी सांगत बसलो आणि मावशी मुकाट्याने सरंगे उतरवत राहिली. तेव्हा वाटलं, ऐकून थक्क झाली असेल. आता कळतं, लेकीच्या सासरी तिने माझी अब्रू झाकली होती.