ऐरावत सायकलचा वाकलेला दांडा

म्हैसुरात समुद्र नाही. तरीही १९३५ च्या सुमारास देवराज मोहल्ल्यातल्या निवृत्ती शिंप्याने समुद्रकिनाऱ्यावर चालवायची सायकल काढली आणि तिला नाव दिलं 'ऐरावत'. कापड आणायला तो मद्रासला गेला होता. तिथे किनाऱ्यावर एक गोरा साहेब जाड टायरांच्या, पसरट हँडलच्या अमेरिकन सायकलवरून रमतगमत चालला होता. साहेब ताठ बसला होता आणि त्याच्या कोटाच्या पाठीला एकही सुरकुती नव्हती. निवृत्तीने आधी ती पाठ पाहिली, सायकल मागाहून. इंग्रजी सायकलवर माणूस पुढे वाकतो, कोट मागून वर चढतो, खांद्यात ताणतो आणि गिऱ्हाईक बोल लावतं शिंप्याला. या गोष्टीचा त्याला वीस वर्षं राग होता.

परत आल्यावर त्याने मंडी मोहल्ल्यातल्या तिरुमलरावांना गाठलं. हे रेल्वेच्या कारखान्यातले फिटर. पेन्शनीत निघाल्यापासून घरच्या ओसरीवर भाता आणि ऐरण मांडून बसलेले, हाताला काम नाही म्हणून सगळ्या गल्लीवर चिडलेले. नळ्या वाकवणं, सांधणं त्यांचं, आकार निवृत्तीचा. निवृत्तीला स्वतःला सायकल चालवता येत नव्हती, पण तेवढ्यावरून तो अडणारा नव्हता. चोळ्या तर तो रोज शिवायचा, त्या कुठे घालून बघायचा?

ऐरावतचा पहिला नियम असा की ती मापाने शिवायची. निवृत्तीचा शब्द 'शिवायची' हाच. गिऱ्हाइकाने दुकानात हात पसरून उभं राहायचं, निवृत्तीने पाय, बाही, छाती, पाठ मोजायची, आकडे मोठ्याने म्हणायचे आणि मापाच्या वहीत उतरवायचे. वर पुन्हा थोडं जास्तीचं ठेवायचं, पुढे अंग सुटलं तर असावं म्हणून.

"अरे, नळीला जास्तीचं कसलं ठेवतोस? उसवून वाढवणार आहेस काय?" तिरुमलराव विचारायचे.

"असू दे हो, सुम्ने," निवृत्ती म्हणायचा. म्हणजे कानडीत असंच, कारण विचारू नका.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते रिसालदार वेंकोजीराव. घराणं मराठा, पणज्याच्या पणज्यापासून संस्थानच्या फौजेत. स्वतः घोडदळातून निघून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, वय सत्तरीला टेकलेलं, मिशी मात्र अजून नोकरीत होती. दरसाल दसऱ्याला जुने स्वार कवायतीच्या मैदानावर जमायचे. घोडा होता तोवर वेंकोजीराव घोड्यावरून जात. आता तो नव्हता. पायी जाणं स्वाराला शोभत नाही. टांग्यात बसणं म्हणजे घोड्याच्या मागे बसणं, ते तर त्याहून वाईट. आणि इंग्रजी सायकलवर बसलं की माणूस वाटेतल्या प्रत्येकाला मुजरा करत जातो, असं त्यांचं मत होतं. ताठ बसून जाता येईल अशी सायकल निघते आहे हे कळताच ते दुकानात आले आणि हात पसरून उभे राहिले.

"छाती बेचाळीस," निवृत्ती खणखणीत आवाजात म्हणाला. "पाय तेहतीस."

यातला एकही आकडा खरा नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी वेंकोजीराव तापाने दोन महिने अंथरुणाला खिळले होते. उठले तेव्हा कोट अंगावर लोंबत होते आणि गुडघे कायमचे वाकल्याने विजारी जमिनीवर लोळत होत्या. त्यांची बायको भागीरथीबाई ते कोट-विजारी पदराआड घेऊन दुकानाच्या मागच्या दाराने आली. "निवृत्ती, हे आत घे. आणि पुढच्या वेळी माप जुनंच म्हण हं. आपण वाळलो हे त्यांना कळलं तर दसऱ्याला घराबाहेर पडायचे नाहीत. लोकांना तोंड दाखवायचे नाहीत." निवृत्तीने ऐकलं. तेव्हापासून तो मोठ्याने बेचाळीस म्हणायचा, वहीतही बेचाळीस लिहायचा, कारण वेंकोजीराव वहीत डोकवायचे, आणि कापड कापायचा अडतीसचं. खरा आकडा फक्त त्याच्या डोक्यात असायचा.

आता डोकं दुकानात होतं आणि सांगाडा बनत होता मंडी मोहल्ल्यात. निवृत्तीने आपला शहाणपणा सगळा हँडलच्या घाटावर खर्च केला आणि तिरुमलरावांना वही देऊन टाकली. तिरुमलराव मापाचे पक्के. त्यांनी वहीत होतं तस्सं बनवलं.

दसऱ्याला नऊ दिवस उरले असताना सायकल तयार झाली. हिरवा रंग, रुंद सीट, बैलाच्या शिंगांसारखं मागे वळलेलं हँडल. तिरुमलराव तेल आणायला बाजारात गेले होते; ओसरीसमोर निवृत्ती आणि वेंकोजीराव दोघंच. वेंकोजीरावांनी सायकलच्या मानेवर थोपटलं, एक हात खांबावर टेकला आणि डाव्या बाजूने स्वार झाले. एक पाय पायडलवर पोचला. ते पायडल खाली गेलं आणि पाय तिथेच हवेत राहिला. हँडलला बोटांची टोकं तेवढी लागत होती.

काय झालंय ते निवृत्तीला क्षणात कळलं.

"टायरांत हवा जास्त झाली, री," तो म्हणाला. 'री' हे त्याचं कानडी 'अहो'.

"हवा काढली की माझा पाय लांब होईल?"

वेंकोजीराव उतरले. "टेप काढ. पाय मोज."

निवृत्तीने गुडघे टेकून टेप लावली. नऊ वर्षांची सवय जाते कुठे? "तेहतीस," तोंडातून निघून गेलं.

वेंकोजीरावांनी टेपेवर जिथे त्याचा अंगठा होता तिथे आपला ठेवला, टेप डोळ्यांपाशी नेली, खिशातून चाळशी काढून लावली. "हे तीस आहे." मग त्यांनी टेप स्वतःच छातीभोवती घेतली. "अडतीस. किती वर्षं चाललंय हे?"

"नऊ."

"आणि कोट बरोबर बसायचे ते?"

"कापड ऐकतं, री. स्वल्प इकडे, स्वल्प तिकडे. लोखंड ऐकत नाही."

वेंकोजीराव ओसरीच्या कडेवर बसले. एकदम म्हातारे दिसले ते. आपण या माणसाचं भलं करतोय असं निवृत्तीला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा वाटलं की आपण त्याला फसवलं. आता हे दसऱ्याला जाणार नाहीत, आपल्या दुकानाची पायरीही चढणार नाहीत, या विचाराने त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. तो टेप गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

चाळशी खिशात ठेवत वेंकोजीराव म्हणाले, "नवा सांगाडा दसऱ्याच्या आत होईल?"

"नाही होत. वरचा दांडा तापवून खाली वाकवता येईल. सीट खाली येईल, हँडल मागे घेऊ."

"वाकवा मग."

"बघून लोक विचारतील, री."

"डिझाइन आहे म्हणून सांग."

तसंच झालं. ऐरावतच्या एकूण अकरा सायकली निघाल्या आणि अकराही सायकलींना वरच्या दांड्याचा तो बाक होता. धोतर अडकू नये म्हणून तो ठेवलाय, असं निवृत्ती नव्या गिऱ्हाइकांना इतक्या ठामपणे सांगायचा की पुढे त्याला स्वतःलाही ते पटलं. मग लढाई सुरू झाली, जाड टायर मिळेनासे झाले आणि तो निमूटपणे कोटांकडे वळला.

पण त्या दिवशी वेंकोजीराव निघता निघता ओसरीच्या पायरीशी थांबले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"निवृत्ती, एक ऐक. यातलं भागीरथीला काही कळता कामा नये. मी अजून बेचाळीसच आहे असं तिला वाटतं. या वयात तिच्या जिवाला घोर नको."



"नाही सांगत, री," तो म्हणाला. मग त्याने ओसरीवर पडलेली मापाची वही उघडली आणि वेंकोजीरावांच्या देखत त्यांच्या नावापुढे पुन्हा बेचाळीस लिहिलं.