रावयाने न केलेली सही

इंबाबाचा पूल ओलांडून दोघी नाईलच्या कडेने चालू लागल्या, तोवर इनासची टाच चपलेच्या पट्ट्याने सोलवटली होती.

"तांत, आता तरी मायक्रोबस करू या." रावया तिची सख्खी मावशी नव्हे, पण ऑफिसातली सगळी तरुण पोरं तिला तांतच म्हणत.

"तू जा बसून. गाडीत बसलं की माझा राग निवतो. कामगार कचेरीच्या दारात मला तो गरमागरम हवाय."

रावयाच्या पिशवीत एक बिनसहीचा कागद होता. 'मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.' गुरुवारपर्यंत सही केली तर दोन महिन्यांचा पगार मिळणार होता, पण स्वतःहून सोडणाऱ्याचे शेअर कंपनीकडे परत जाणार होते. सही नाही केली तर तिला कामावरून काढलं असं कंपनीलाच लिहून द्यावं लागणार होतं, आणि शेअर तिचेच राहणार होते.

रावया शुब्रा वस्तीतली. बापाचं किराणा दुकान भावांनी विकून खाल्लं, नवरा लवकर गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी ती शरीफच्या कंपनीत फोनवर बसली. कंपनी गल्लीबोळातल्या दुकानदारांना मोबाईलवरून माल पुरवायची. दुकानदारांना त्या मोबाईलचा वैताग. ते सरळ रावयाला फोन लावत.

"सित्त रावया, साखर दहा पोती. आणि मागचा चहा म्हणजे निव्वळ भुसा होता हं!"

"उधारीवर भुसाच येतो, हाज्ज रमझी. बायकोचा गुडघा कसाय?"

मग ती मागणी स्वतःच मोबाईलमध्ये भरायची. परदेशी पैसेवाल्यांपुढे त्या सगळ्या मागण्या दुकानदारांनी मोबाईलवरून केलेल्या म्हणून दाखवल्या गेल्या. एकाने वीस लाख डॉलर देऊन दहावा हिस्सा घेतला, आणि अख्खी कंपनी दोन कोटींची ठरली. केक कापला. रावयाला पगारवाढीऐवजी शेअरचं पत्र मिळालं.

"एका शौकिनाने एक आंबा शंभराला घेतला, म्हणून झाडावरचा एकेक आंबा शंभराचा धरला होय रे?" तिने विचारलं होतं. सगळे हसले होते. त्या वर्षी हसू स्वस्त होतं.

पुढे परदेशात व्याज चढलं, पैसेवाल्यांनी हात आखडले, इकडचा पौंड गडगडला. दुकानदार तेच, साखर तीच, पण कंपनी आता चाळीस लाखांची झाली. नवा पैसेवाला म्हणाला, आधी फोनवरच्या बायका कमी करा, आणि मागे जुन्या शेअरवर कुणाचा हक्क शिल्लक ठेवू नका.

शरीफ वाईट नव्हता. कागद पुढे सरकवताना त्याने मान वर केली नाही.

"तांत, ते शेअर म्हणजे आता हवा आहे. कशाला ताणतेस?"

"हवा ना? मग परत कशाला मागतोस? राहू दे, उन्हाळ्यात कामाला येईल."

"नवे पैसे अडकतील गं. साठ जणांची पोटं आहेत."

"साठ जण आज आठवले? पदरचं घालून माल फुकट पोचवा, आकडा फुगला पाहिजे, हे मी सांगितलं होतं? काढायचं तर काढ, बाळा. पण काढलं असं लिही. स्वखुशी माझी आहे, ती तुझ्या सोयीने चालणार नाही."

हे सगळं इनासने शेजारच्या टेबलावरून ऐकलं होतं. तरी काल दुपारी तिने स्वतःच्या तशाच कागदावर सही केली. आईचं इन्सुलिन डोळ्यांपुढे होतं. बिस्मिल्ला म्हणून सही केली. खोट्या ओळीखाली देवाचं नाव घेतलं, हे कालपासून तिला सलत होतं.

किट-कॅट नावाच्या चौकाजवळ ती थांबली. "तांत, मी सही दिली."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? शरीफने काल तुला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला."

इनासला हसू आलं आणि डोळेही भरले. रावयाने तिची समजूत घातली नाही. फुटपाथच्या कठड्यावर तिला बसवलं, पर्समधला रुमाल काढून टाचेला बांधला, गाठ घट्ट आवळली.

"राजीनामा आठवड्याच्या आत मागे घेता येतो. कायदाच आहे, मी विचारून आलेय. मागे घेतलास तर गुरुवारचे पैसे मिळणार नाहीत, हेही सांगते. इन्सुलिनचं मी काही कबूल करत नाही, माझ्याकडे पैसे नाहीत. पण एकटी बाई बळजबरीच्या सहीची तक्रार घेऊन गेली की कारकून तिला भांडखोर म्हणतो. दोघी गेल्या की त्याला कागद पुढे ओढावा लागतो."

इनासने चपलेचा पट्टा रुमालावरून ओढून घेतला. पुढची वाट अजून पाऊण तासाची होती.

"तुझं अक्षर चांगलं आहे," रावया उठत म्हणाली. "आत गेल्यावर मला दोन अर्ज लिहून दे, इनास. पहिला तुझा."