आमच्या कुंपणाची बेशरम

आज वर्ध्याचा कोणताही नाला पाहा, पाणी दिसत नाही, नुसती बेशरमची झाडी माजलेली दिसते. लोक उपटून उपटून थकले, शिव्या घालतात. आमच्या वस्तीत ती पहिल्यांदा लावली कोणी, हे मात्र कोणी विचारत नाही. मी लावली. बारा वर्षांची होते आणि मोठ्या तोऱ्यात लावली.

बाप एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. आई माझी लहानपणीच गेलेली. आम्ही तेव्हा पिपरीच्या बाजूला राहायचो, दहा-बारा घरं आणि मागे नाला. बंगल्याच्या फाटकाशी या झाडांची रांग होती. भोंग्यासारखी गुलाबी-जांभळी फुलं, बाराही महिने. तेव्हा ते शोभेचं झाड होतं, बंगल्याचं झाड! छाटणीच्या काड्या बाप घरी आणायचा, त्यातल्या मी अंगणाभोवती खोचल्या. आठ दिवसांत पालवी. पाणी नको, खत नको. उरलेल्या काड्या मी नाल्याच्या काठाने खोचत गेले. बाया काडी मागायला यायच्या आणि मी काय भाव खायची, विचारू नका. हिला उद्या देईन, तिला परवा देईन.

शेजारी गोंडाची एक विधवा बाई राहायची. रानातून मोहफुलं आणायची, तेंदूपत्ता तोडायची, त्यावर पोट. मी तिला काकी म्हणायची. तिची एकुलती एक पोरगी माझ्याच वयाची, माझी जिवाची मैत्रीण. एका पावसाळ्यात पोरीला ताप भरला तो उतरेचना. काकीने गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबाला बोकडाचा नवस बोलला. पोरगी पायावर उभी राहिली तर टेकडी चढून घेऊन येईन म्हणाली. पोरगी उठली. काकीने एक काळं पिल्लू गळ्यात हिरवी चिंधी बांधून मोकळं सोडलं. भरला की उन्हाळ्यात न्यायचा, असं ठरलं.

नवसाच्या बोकडाला आमच्याकडे कोणी हाकलत नसे. ज्याच्या दारचं खाईल त्याचं भलं होतं म्हणत. आधी त्याने आमच्या कुंपणाला तोंड लावलं नाही. मग गवत वाळलं, तसा तो रोज दारात. मी मारे खूश! स्वतःच्या हाताने फांद्या मोडून चारायची. महिनाभरात त्याला दुसरं काही गोड लागेना. कडबा टाका, भाकर टाका, हुंगायचा आणि पुन्हा कुंपणाशी यायचा. मग त्याची मान डुगडुगायला लागली. पाय फाकून उभा राहायचा आणि सगळं अंग थरथरायचं.

आता पाहा कसं असतं. नवसाच्या बोकडावर पाणी शिंपडतात, त्याने अंग झाडलं की देवाला पसंत पडला. हा तर पाण्याच्या थेंबाशिवाय दिवसभर अंग झाडत होता. "बाबा खेळून राह्यला त्याच्यात," म्हाताऱ्या म्हणू लागल्या. बाया तान्ही लेकरं त्याच्या पायावर घालायला आणू लागल्या. काकी तर हरखून गेली होती. मीही सगळ्यांना सांगत सुटले की तो आमच्याच दारचं खातो.

एक दिवस बापाने त्याला नीट निरखलं. जेवताना म्हणाला, "बंगल्यावरच्या दोन बकऱ्या अशाच गेल्या. झाड विषारी हाय. साहेबानं तार मारून घेतली."

"मंग काकीले सांगून टाकू ना."

"चूप राह्यजो! बाबाचा बोकड आपल्या कुंपणानं मारला म्हनतीन. राहू देतीन का आपल्याले इथं?"

मी चूप राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन त्याला हाकलू लागले. काकीने पाहिलं. "काऊन मारतं व त्याले? तुह्या मैत्रिणीचा जीव हाय तो!" असं म्हणून माझ्या हातातली काठी हिसकावली. मला रडू फुटलं, तोंड मात्र फुटलं नाही. मेली माझी जीभ!

गिरडला निघायला चार दिवस राहिले असतील. बोकड आमच्या कुंपणाशीच कोसळला आणि दुपारी मेला. काकी रडली नाही. "बाबानं परत केला," एवढंच म्हणाली. "आता बदल्यात पोरीले नेईन तो."

पोरीचं बाहेर येणं बंद झालं. काकीने सामान बांधायला घेतलं. गिरडच्या पलीकडे रानात तिचा भाऊ होता, तिकडे राहायचं आणि बाबाचा राग उतरेस्तोवर रोज टेकडी चढायची. एका सकाळी मैत्रिणीने मला घरामागे बोलावलं.

"मी मरीन का व?"

कशी विचारत होती! मग माझ्याने राहवलं नाही. झाडाचं, बंगल्याच्या बकऱ्यांचं, सगळं सांगून टाकलं. ती धावत आईकडे गेली.

घटकाभरात काकी आमच्या दारात, मागे वस्तीतली चार माणसं. मला वाटलं, आता झिंज्या उपटते. पण ती भांडायला आलीच नव्हती. हात जोडून बापाला विचारत होती, "झाडानंच मेला ना, भाऊ? बाबा नाई ना कोपला?" हो म्हणावं म्हणून कळवळून विचारत होती.

बापाने त्या चार माणसांकडे पाहिलं. "पोट्टी खोटं बोलून राह्यली," तो म्हणाला. "सांग व, खोटं बोलली ना?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. काकीच्या डोक्यावर गाठोडं होतं. मैत्रीण तिची नजर चुकवून कुंपणापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मले एकटीले खरं सांग. मी कोनालेच नाई सांगत."

बाप मागे दारात उभा होता. त्याला ऐकूही गेलं नसतं.

"बोकड झाडानं नाई मेला," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. भांडली नाही, रडली नाही. बारा वर्षांची धडधाकट पोर, आईच्या मागे मरायला चालू लागली.