फिरती खुर्ची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

मी हवाई दलात डॉक्टर होतो. वैमानिकाचं शरीर आकाशात टिकेल का, हे ठरवणं माझं काम. मूळचा नांदुऱ्याचा, पण आपली वऱ्हाडी बोली मी जिभेवरून घासून काढली होती. कुणाला पत्ता नव्हता.

मग प्रमोद आला. आमच्याच भागातल्या जळगाव जामोदचा, शिकाऊ वैमानिक. सुरुवातीच्या उड्डाणांत मळमळलं म्हणून माझ्याकडे पाठवलेला. तसं अनेकांना होतं, सरावानं जातं. गरगर फिरवून चक्कर, मळमळ किती सोसते ते पाहणाऱ्या फिरत्या खुर्चीच्या चाचणीत तो दोन दिवस छान टिकला. तिसऱ्या दिवशी माझे पुण्याचे वरिष्ठ खोलीत होते. तेव्हाच तो हसून म्हणाला, "सर, तुमी नांदुऱ्याचे ना? मामा म्हने, डॉक्टर आपलाच मानूस हाये. मंग इतके दिवस काऊन लपून राह्यले?"

वरिष्ठ खो-खो हसले. "काय हो डॉक्टर, तुम्हीसुद्धा असंच बोलता?" हसतच निघून गेले.

एवढंच. एवढ्यासाठी?

मी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. खुर्ची सुरू केली. ठरल्या वेळी थांबवायची असते — मी वेग वाढवला. डोकं उजवीकडे झुकव, म्हणालो. डावीकडे. पुन्हा.

"सर... थांबवा ना. मले कसंतरीच होऊन राह्यलं."

बटण माझ्या बोटाखाली होतं. तो अंगावर ओकला, तरी मी ते दाबलं नाही. आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं.

अहवालात पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी मी गाळल्या. तिसऱ्याची तेवढी लिहिली. उड्डाणास कायम अयोग्य. वैद्यकीय मंडळानं माझ्या सहीवर विश्वास ठेवला.

निवृत्त होऊन नांदुऱ्यात परतलो. मागच्या महिन्यात जत्रेत प्रमोद भेटला. लेक आकाशपाळण्यात, हा खाली उभा — तिच्या चपला हातात घेऊन. वाकून माझ्या पाया पडला.

"मायं डोकंच कच्चं, सर. पाळन्यातबी बसत नाही मी. तुमी नसते तं इमान पाडलं असतं म्या."

मी काय म्हणालो? "जपत जा," म्हणालो. शुद्ध मराठीत.

त्याच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. हे एक वाक्य मी त्याला देणं लागतो. त्याचं गाव बसनं तासाभरावर आहे. मी अजून गेलेलो नाही.